‘आपण’ म्हणजे कोण

"हमने उनके खाने-रहने का इंतज़ाम किया," असं मी माइकमध्ये म्हणाले, आणि काचेपलीकडचं अख्खं सभागृह गप्प झालं.

दुभाष्याला अशा शांततेची फार भीती वाटते. एरवी खाली कोणी कागद चाळत असतं, कोणी शेजाऱ्याच्या कानाला लागलेलं असतं, निम्म्या लोकांनी कानातलं यंत्र गळ्यात लोंबकळत ठेवलेलं असतं. दहशतवादविरोधी विधेयकावरच्या चर्चेचा तो दुसरा दिवस होता. जेवणाची वेळ झाली होती आणि मागच्या बाकावरचा एक अपक्ष खासदार मराठीतून बोलत होता, म्हणजे बाकीच्यांना जांभया द्यायला मोकळीकच. असे सगळे एकदम गप्प झाले तेव्हा मी माझं शेवटचं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. मग समोरच्या बाकावरचे एक वकील खासदार उठले, कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि अध्यक्षांना हिंदीत म्हणाले, की माननीय सदस्यांनी आत्ताच कबुली दिली आहे. त्या दोन अतिरेक्यांना यांनीच जेवू घातलं आणि ठेवून घेतलं. हे नोंदीत राहू द्यावं आणि याची चौकशी व्हावी.

पुढं काय झालं ते सांगायला नको. सगळे उभे राहिले आणि एकाच वेळी बोलू लागले. त्या गदारोळात मागच्या बाकावरचे आमचे खासदार तेवढे खाली बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्या काचेकडं पाहिलं. तिथून मी त्यांना दिसत असण्याची शक्यता नव्हती, तरी मी मागं सरकले.

अध्यक्षांनी सांगितलं, की सदस्य मूळ काय बोलले ते ध्वनिफितीवरून तपासलं जाईल आणि जेवणाच्या सुट्टीनंतर निर्णय देण्यात येईल.

मी प्रमिला रेगे. माहेर मिरजेचं, लग्न करून दिल्लीत आले आणि दिल्लीचीच झाले. कोणी खासदार मराठीत बोलणार असला की तो आधी तसं कळवायचा आणि मग मला बोलावणं यायचं. नोकरी पक्की नव्हती, यादीत नाव होतं एवढंच. पण त्या यादीचा मला भारी तोरा होता. नातेवाइकांत मी "संसदेत असते" असं सांगायची आणि कोण म्हणून असते ते कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगायची नाही. आमच्या कामात एक शिस्त असते. "ते असं म्हणतात" असं म्हणायचं नाही. खासदार "मी" म्हणाला की आम्हीही "मी" म्हणायचं. त्या काचेच्या खोलीत बसून मी तीन वेळा कांद्याच्या भावावरून संतापले आहे आणि एकदा धरणग्रस्तांसाठी रडले आहे.

खासदारांचं नाव लिंबाजीराव डोईफोडे. बालाघाटाच्या डोंगराकडचे, पहिल्यांदाच निवडून आलेले. या आडनावाच्या माणसानं दहशतवादावर बोलावं याची आमच्या हिंदी विभागात बरीच थट्टा झाली होती, पण माणूस इतका मऊ, की दारात कोणी उभं असलं तर बाजूला व्हा म्हणायचाही त्यांना संकोच. त्यांची एक सवय मला आवडायची. बोलायचं असलं की सकाळीच जिना चढून आमच्या खोलीशी यायचे आणि विचारायचे, "ताई, आज हा शब्द येणारंय. हिंदीत काय म्हणता?" इतर कोणाला आम्ही माणसं आहोत याचाच पत्ता नसे.

त्या दिवशीचा त्यांचा शब्द होता ‘जाणूनबुजून’.

पाच महिन्यांपूर्वी सरकारनं घाईनं एक अध्यादेश काढला होता. आता त्याच्या जागी कायदा यायचा होता. त्यात एक कलम असं होतं, की जो कोणी दहशतवाद्याला आसरा देईल तो शिक्षेस पात्र. लिंबाजीरावांनी त्याला दुरुस्ती दिली होती एका शब्दाची. ‘जो कोणी जाणूनबुजून आसरा देईल.’ बस. त्यांच्या तालुक्याच्या गावी केवळाबाई नावाची एक विधवा खानावळ चालवायची. वर माडीवर चार खाटा टाकलेल्या, दवाखान्यात पेशंट असलेली खेड्यातली माणसं तिथं उतरायची. तिच्याकडं दोघं जण तीन दिवस राहून गेले आणि आठवड्यानं त्यांनी शेजारच्या जिल्ह्यात बसस्टँडवर स्फोट घडवला. त्यात चार माणसं गेली. केवळाबाईला त्याच अध्यादेशाखाली उचललं. तिच्या वकिलाचं म्हणणं पडलं, की कायद्यात ‘जाणूनबुजून’ आलं तर तिच्या जामिनाची वाट मोकळी होईल, नाहीतर खटला उभा राहीपर्यंत बाई आतच.

"जानबूझकर," मी सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. मंत्र्यांशीही ते सकाळी बोलले होते. मंत्री हो म्हणाले नव्हते, पण बघू म्हणाले होते आणि त्यांच्या ‘बघू’त या भल्या माणसाला फार काही दिसलं होतं.

आणि मग त्यांनी भाषणात ते वाक्य टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत आमचे प्रमुख माथुरसाहेब ध्वनिफीत घेऊन आले. माथुरसाहेब म्हणजे तीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं बोलून बोलून स्वतःचं बोलणं खडीसाखरेसारखं जपून वापरणारा माणूस. त्यांनी यंत्र सुरू केलं आणि मला फक्त ऐका म्हणाले.

लिंबाजीरावांचा आवाज आला. "दोन माणसं भर दुपारी येतात. बाप दवाखान्यात आहे म्हणतात. आपण त्यांची जेवायची, राहायची सोय केली. पोटात काय घेऊन आलेत ते आपल्याला काय माहीत? मग या कलमानं गुन्हेगार कोण?"

माथुरसाहेबांनी विचारलं, ‘आपण’ म्हणजे काय. आता हे हिंदीच्या माणसाला समजावणं आलं. मी सांगितलं, की मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. ‘आपण’ म्हणजे आदरानं तुम्ही. ‘आपण’ म्हणजे कोणीही, समजा एखादा माणूस. हिंदीत यातल्या पहिल्याला ‘हम’ म्हणायचं, आणि तोंडात तेच पटकन येतं. पण इथं अर्थ शेवटचा होता. समजा, कोणी एखाद्यानं त्यांची सोय केली. मी ‘हमने’ म्हणाले आणि त्या बिचाऱ्याला तोंडघशी पाडलं.

"म्हणजे चूक तुमची," माथुरसाहेब म्हणाले. रागानं नाही, नोंद केल्यासारखं.

मी ध्वनिफीत आणखी तीनदा ऐकली. मग म्हणाले, हो, माझी.

त्यांनी कागद पुढं ठेवला. दोन ओळींची चिठ्ठी लिहून द्या, अध्यक्ष ती वाचून दाखवतील, विषय संपेल. यादीतलं माझं नाव राहील की नाही ते ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पण लिहायच्या आधी मला लिंबाजीरावांना भेटायचं होतं. ते जिन्यापाशीच उभे होते. जेवायला गेलेच नव्हते. चेहरा पांढराफटक पडलेला, हातात दुरुस्तीचा कागद घडी घालून घालून मऊ झालेला. मी त्यांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. म्हटलं, तुमचं ‘आपण’ मी चुकीचं उचललं, आता लिहून देते, सगळं निस्तरतं.

त्यांनी हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

"तुम्हाला ‘कोणी एखादा’ असंच म्हणायचं होतं ना?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. पण आमच्या कामाची शिस्तच तशी, मूळ माणूस समोर असला की त्याला विचारून घ्यायचं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग जिन्याच्या कठड्याकडं पाहिलं.

"तुम्हाला काय वाटलं, ताई?"

"मला तसंच वाटतंय."

"मग तसंच धरा," ते म्हणाले आणि वळून चालू लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले. "तुम्हाला काही होणार नाही ना यातून?"

मी म्हटलं, माझी काळजी करू नका. हे आपलं म्हणायचं म्हणून. काळजी मला भरपूर होती.

सुट्टीनंतर अध्यक्षांनी माझी चिठ्ठी वाचून दाखवली. सदस्यांनी ‘आपण’ हा शब्द ‘कोणीही एखादी व्यक्ती’ या अर्थानं वापरला होता, अनुवादात चूक झाली, दुभाष्यानं दिलगिरी व्यक्त केली आहे. सभागृह हसलं. वकील खासदारांनीही दिलदारपणे हात हलवला. कोणीतरी मराठी भाषेच्या गमतीवर दोन वाक्यं टाकली, आणि मला ती हिंदीतून मराठीत करून लिंबाजीरावांच्या कानात सांगावी लागली. दिवसभरातलं ते सगळ्यात जड काम होतं.

त्यांची दुरुस्ती पुकारली गेली तेव्हा ते उभे राहिले आणि सकाळपासून घोकलेलं एकच हिंदी वाक्य बोलले. "अध्यक्ष महोदय, जानबूझकर, यह एक शब्द डालिए।" पण आता हवा फिरली होती. सकाळी बघू म्हणालेले मंत्री आता म्हणाले, निरपराध माणसाला भीती बाळगायचं कारण नाही, न्यायालयं समर्थ आहेत. ज्या दोन-चार जणांनी त्यांना पाठिंबा द्यायचं ठरवलं होतं ते कागदात डोकं घालून बसले. कबुली नव्हती हे मान्य झालं होतं, पण एकदा संशय शिवला की माणूस जरा लांबून चालतो. आवाजी मतदान झालं. ‘होय’ म्हणणारे इतके थोडे, की लिंबाजीरावांचा एकट्याचा आवाज मला काचेतून ओळखू आला. ‘नाही’ मात्र छताला जाऊन भिडलं.

नंतर संपूर्ण विधेयक मताला टाकलं. साडेचारच्या सुमारास ते मंजूर झालं आणि बाकं वाजली.

मी घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं, की आज माझ्या एका शब्दानं एक बाई तुरुंगात राहिली. ते म्हणाले, तू कायदा केला नाहीस, तू फक्त बोललीस. समजूत घालायची त्यांची पद्धत अशीच होती. जेवण काही गेलं नाही.

दुसरा दिवस अधिवेशनाचा शेवटचा होता. मला बोलावणं नव्हतं, तरी दहा वाजता फोन आला, डोईफोडे साहेब ग्रंथालयात बसलेत आणि तुम्हाला भेटायचं म्हणतात.

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात खिडकीशी ते बसले होते. पुढ्यात त्यांच्या भाषणाचा टंकलेला मजकूर होता. खासदार बोलला की दुसऱ्या दिवशी त्याचं भाषण त्याच्याकडं तपासायला येतं, बोलण्याच्या ओघात काही घसरलं असेल तर नीट करायला. शब्द सुधारता येतात, म्हणणं बदलता येत नाही. मराठी भाषण छापायला जातं ते हिंदी अनुवादानं, तोही सोबत होता. माझ्या चिठ्ठीनंतर तो दुरुस्त झाला होता. ‘मान लीजिए, किसी ने उनके खाने-रहने का इंतज़ाम किया।’

त्यातलं ‘मान लीजिए, किसी ने’ त्यांनी लाल पेनानं खोडलं होतं. वर बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, ‘मैंने’.

"हे बरोबर हाय का बघा," ते म्हणाले. "ते वरचं टिंब कुठं येतंय ते मला नीट माहीत नाही."

मी त्या शब्दाकडं बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले.

"काल तुम्ही चुकला नव्हता, ताई. तुम्ही बरोबर बोलला होता. मलाच धीर झाला नाही."

मग त्यांनी सांगितलं. खासदार झाल्यापासून सकाळी त्यांच्या ओसरीवर शंभर माणसं बसायची. कोणाचा पेशंट, कोणाचा दाखला, कोणाची बदली. पेशंटच्या माणसांना ते चिठ्ठी द्यायचे केवळाबाईच्या नावानं. ‘यांची जेवायची, राहायची सोय करावी. लिंबाजी डोईफोडे.’ त्या दिवशीही दिली. ते दोघं उभे होते, बाप दवाखान्यात आहे म्हणाले, ह्यांनी लिहून दिली.

"मान वर करून बघितलं पण नाही मी त्यांच्याकडं. तुम्ही म्हणाल, तोंडं कशी होती, तर मला सांगता यायचं नाही. केवळाबाईनं माझी सही बघून ठेवून घेतलं त्यांना. तिचा काय दोष? तिनं माझ्या शब्दावर दार उघडलं."

"मग पोलिसांना तिनं सांगितलं नाही?"

"पोलीस दारात आले तवा चिठ्ठ्या तारेला टोचलेल्या होत्या. तिनं ती एक काढली आणि चुलीत घातली. तिच्या लेकीनं मला सांगितलं. म्हणली, माय म्हणाली, साहेबांचं नाव यात नको. गरिबाची चार कामं करणारा माणूस हाय, तो अडकला तर लोकं कुठं जातील." त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "पाच महिने झाले. पाच महिन्यांत मी एकदाही तिला भेटायला गेलो नाही. कामून? तर कोणी बघंल. आणि केलं काय मी? दुरुस्ती आणली. तोंड उघडायचं सोडून कायदा बदलायला निघालो."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि त्याचबरोबर मला त्यांचा रागही आला, तो लपवावा असं मला वाटलं नाही. म्हटलं, मग काल जिन्याशी मी सरळ विचारलं तेव्हा ‘तसंच धरा’ का म्हणालात? मी चिठ्ठी लिहून दिली, सगळ्यांसमोर माझी चूक म्हणून वाचली गेली.

"चुकलं," ते म्हणाले. "तुम्ही वाट काढून दिली आणि मी त्या वाटंनं पळालो. भाषणात ‘आपण’ म्हणतानाच मला कळत होतं. ‘मी’ म्हणायचं मनात होतं, जिभंवर ‘आपण’ आलं. त्यात लपायला जागा असती ना. तुम्ही हिंदीत केलं आणि ती जागाच गेली. सगळे माझ्याकडं बघायला लागले तवा मला वाटलं, झालं, सुटलो. मग तुम्ही येऊन माफी मागितली."

मी विचारलं, आता हे छापून काय होणार. विधेयक तर मंजूर झालं.

"कोर्टात जाणार हाय मी. सोमवारी. तिथं सांगणार की चिठ्ठी माझी होती. इथं सभागृहात बोललेल्याला कोणी हात लावू शकत नाही म्हणतात, वकिलानं सांगितलं मला. म्हणून इथं आधी. एकदा छापून आलं की मग मला माघारी पळता यायचं नाही. मला माझी खातरी नाही, ताई. कालच बघितलं की तुम्ही."

माझ्याकडून त्यांना काय हवं होतं ते आता मला कळलं. आपल्या बोलण्यातला अर्थ खासदाराला बदलता येत नाही. पण त्यांनी मराठीतलं एक अक्षर बदललं नव्हतं. तिथं ‘आपण’ होतं ते ‘आपण’च राहणार होतं. वाद होता तो अनुवादाचा, आणि अनुवादाची जबाबदारी माझी. मी लिहून दिलं तरच ‘किसी ने’ जाऊन ‘मैंने’ येणार होतं.

"आमच्याकडं माणूस स्वतःबद्दल सांगताना ‘आपण’ म्हणतो का नाही? ‘आपण काय कोणाला भीत नसतो’ असं?"

"म्हणतात," मी म्हटलं. मिरजेतही म्हणतात. माझा भाऊच म्हणायचा. आणि काल दुपारी माथुरसाहेबांना ‘आपण’चे तीन अर्थ ऐटीत समजावून सांगताना हा चौथा मला आठवला नव्हता. आठवला नव्हता, की मला माझी चूकच हवी होती, कारण ती सोपी होती, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माथुरसाहेबांच्या खोलीत मी उभ्यानंच लिहिलं. ‘वक्त्याच्या बोलीत ‘आपण’ हा शब्द ‘मी’ या अर्थानं वापरतात. या वाक्यात तोच अर्थ आहे. सभागृहात मी केलेला अनुवाद मुळाला धरून होता, काल दिलेली चिठ्ठी चुकीची आहे.’ खाली सही केली.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून कालची चिठ्ठी काढून शेजारी ठेवली. दोन्हींवर माझीच सही.

"रेगेजी, काल तुम्ही लिहिलंत चुकले. आज लिहिताय चुकले नव्हते. यातलं खरं काय मानायचं?"

"आजचं," मी म्हटलं. "काल मला मराठी कमी येत होतं."

ते हसले नाहीत. एक चूक यादीत खपते, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. दुभाष्याचं बोलणं रोज बदलतं असं एकदा ठरलं की त्याला कोणी बोलवत नाही. तुम्ही हा कागद परत घेऊ शकता, मी पाहिलाच नाही असं समजेन. त्यांना माझ्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं. मला मात्र वाईट वाटत होतं ते माझ्या तोऱ्याचं. नातेवाइकांना आता काय सांगायचं, हेच त्या वेळी डोक्यात आलं, इतकी मी क्षुद्र होते. पण कागद परत घेतला नाही.

अधिवेशन संपलं होतं. सगळे आपापल्या गावी गेले होते, त्यामुळे छापील मजकुरातलं ते एक वाक्य बदललेलं कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या अधिवेशनाला मराठीतून बोलणारे तिघं जण होते. मला फोन आला नाही. पुढं मी शाळेच्या पुस्तकांचे अनुवाद केले, बरं चाललं माझं, तक्रार नाही.

ग्रंथालयातल्या त्या भेटीनंतर सोळा दिवसांनी दुपारी बाराच्या सुमारास घरचा फोन वाजला. मी कणीक मळत होते, तशाच हातानं घेतला. पलीकडं बरीच माणसं बोलत होती, दारं उघडमीट होत होती.

"ताई, मी लिंबाजी. कोर्टात सांगितलं सगळं. तिला जामीन झाला. काल संध्याकाळी बाहेर आली."

मी नुसतं "हो, हो" करत राहिले.

"आणि तुम्ही?" मी शेवटी विचारलं.

"मला सकाळी ठाण्यात चौकशीला बोलावलं होतं. आता थांबा म्हणलेत."

"किती वेळ?"

"ते काही सांगत नाहीत. दोन फोन करू देतो म्हणले. एक घरी केला." मग त्यांचा आवाज बारीक झाला, बहुतेक तोंडाशी हात धरला असावा. "केवळाबाई आलीय. सकाळधरनं फाटकाशी उभी हाय, हवालदार हाकलतोय तरी जाईना. आतापर्यंत तीनदा निरोप धाडला तिनं."

"काय म्हणतात?"

"विचारायलीय, दोन वेळचा डबा लावू का म्हणून."